न्यायाची तारीख

न्याय म्हणजे काय, तो कोणाला मिळावा आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची चर्चा राजकीय नीतिशास्त्रात पुष्कळ झाली आहे. परंतु न्याय केव्हा मिळावा आणि ती वेळ कोणी ठरवावी, हा प्रश्न बहुधा तत्त्वचिंतकांच्या हातून निसटतो आणि सचिवालयाच्या टेबलावर जाऊन पडतो. यादवी थांबवण्यासाठी अनेक पक्ष एकत्र बसतात तेव्हा बैठक कोणत्या दिवशी घ्यावी, कोणता विषय आधी व कोणता नंतर, कोणता अहवाल किती मुदतीत यावा, हे ठरवणाऱ्या समितीला इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच एखाद्या ओळीहून अधिक जागा मिळते. या कामाला निव्वळ व्यवस्थापन समजण्यात मोठी वैचारिक चूक आहे. जमिनीचे, सत्तेचे किंवा संपत्तीचे वाटप जसे न्याय्य अथवा अन्याय्य असू शकते तसेच काळाचे वाटपही असू शकते, कारण कोणाचा प्रश्न आज ऐकला जाईल आणि कोणी आणखी वाट पाहावी, हे त्यातूनच ठरते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीचा शेवट ज्या बहुपक्षीय वाटाघाटींतून झाला, त्यांच्या नियोजनाचा इतिहास या दृष्टीने बारकाईने तपासण्याजोगा आहे.

२ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे एएनसी, तसेच कम्युनिस्ट पक्ष आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या संघटनांवरील बंदी उठवली आणि नऊ दिवसांनी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कारावासातून बाहेर आले. त्यानंतरचा जवळजवळ दोन वर्षांचा काळ राजकीय कैद्यांची सुटका, निर्वासित कार्यकर्त्यांचे परतणे आणि सशस्त्र लढ्याची स्थगिती यांसारख्या पूर्वअटी मार्गी लावण्यात गेला. समझोत्याच्या अटींवर बोलण्याआधी बोलण्याच्या अटी ठरवण्याच्या या टप्प्याला ‘चर्चेविषयीची चर्चा’ म्हणतात. २० डिसेंबर १९९१ रोजी जोहान्सबर्गजवळच्या केम्प्टन पार्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९ शिष्टमंडळांचे अधिवेशन भरले, जे ‘कोडेसा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याने पाच कार्यगट नेमले आणि सर्वांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी, मे १९९२ मधील दुसऱ्या अधिवेशनासमोर ठेवावेत अशी अपेक्षा धरली. प्रत्यक्षात नवी राज्यघटना किती टक्के बहुमताने संमत व्हावी या प्रश्नावर दुसरा कार्यगट अडकला. एएनसी ७० टक्क्यांपर्यंत यायला तयार होती, सरकार ७५ टक्क्यांचा आग्रह सोडीना, आणि एका गटातल्या या कोंडीने सगळे अधिवेशनच थांबले. ठरलेला दिवस उजाडला होता, पण त्या दिवसावर टाकलेला भार पेलण्याइतकी पूर्वतयारी झाली नव्हती.

मार्च १९९३ मध्ये पक्ष पुन्हा एकत्र आले आणि १ एप्रिलपासून ‘बहुपक्षीय वाटाघाट प्रक्रिया’ सुरू झाली, तेव्हा पूर्वीच्या अपयशातून घेतलेला धडा तिच्या रचनेतच दिसत होता. सहभागींची संख्या आता २६ होती आणि कोडेसापासून दूर राहिलेले श्वेतवर्णीयांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस हे दोन परस्परविरोधी टोकांचे पक्षही त्यात होते. सर्वांत वर अंतिम मंजुरी देणारी पूर्ण सभा, तिच्याखाली वाटाघाट मंच, आणि त्याखाली जवळजवळ रोजचे काम चालवणारी वाटाघाट परिषद, अशी ही उतरंड होती. परिषदेत बसणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळात स्त्रीप्रतिनिधी असलीच पाहिजे हा नियमही याच वेळी झाला. कार्यगटांच्या जागी सात तांत्रिक समित्या आल्या. त्यांत पक्षांचे प्रतिनिधी नव्हते, तर घटनातज्ज्ञ व कायदेपंडित होते. पक्षांनी आपली लेखी निवेदने मुदतीत द्यायची, समितीने त्यांतील साम्य व भेद मांडून अहवाल करायचा, परिषदेने त्यावर चर्चा करून तो सूचनांसह परत पाठवायचा आणि समितीने सुधारित अहवाल आणायचा, असे हे चक्र एकेका विषयावर अनेकदा फिरे.

हे चक्र फिरते ठेवण्याचे काम दहा सदस्यांच्या नियोजन समितीकडे होते. सदस्य वेगवेगळ्या पक्षांतून आलेले असले तरी त्यांची नेमणूक व्यक्तिशः झालेली होती, आणि समझोत्याच्या आशयावर निर्णय घेण्याचा अधिकार समितीला नव्हता. तिने शिफारस करायची आणि परिषदेने ती मान्य किंवा अमान्य करायची. समितीच्या उपसमितीचे काम मुख्यतः ज्या दोघांनी वाहिले त्यांतले एक होते मॅक महाराज, रॉबेन बेटावर बारा वर्षे कैदेत काढलेले एएनसीचे भारतीय वंशाचे नेते, आणि दुसरे फानी व्हॅन डर मर्व, तुरुंगातल्या मंडेलांशी १९८८ पासून गुप्त बोलणी करणाऱ्या सरकारी गटातले ज्येष्ठ अधिकारी. एका काळी एकाच्या राजवटीने दुसऱ्याला तुरुंगात ठेवले होते. आता दोघांना मिळून उद्याच्या बैठकीचा कागद तयार करायचा होता.

त्या कागदाकडे जवळून पाहिले तर त्याचा साचा सहसा ठरलेला दिसतो. सुरुवातीला प्रार्थना किंवा ध्यानाचे काही क्षण, मग स्वागत व उपस्थितीची नोंद, विषयपत्रिकेला मान्यता, मागील इतिवृत्त व त्यातून उद्भवलेले मुद्दे, मग मुख्य विषय, प्रशासन व खर्चाच्या बाबी, पुढील बैठकांचे वेळापत्रक आणि समारोप. यांतला पहिला विषय विशेष लक्षणीय आहे. वर्णभेदाला बायबलचा आधार शोधणाऱ्या चर्चमध्ये वाढलेले श्वेतवर्णीय प्रतिनिधी, त्याच बायबलमधून मुक्तीची भाषा शिकलेले कृष्णवर्णीय ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू आणि कोणताही ईश्वर न मानणारे कम्युनिस्ट अशा सर्वांना मान्य होईल अशी एकही प्रार्थना रचणे अशक्यप्राय होते. म्हणून शब्द काढून टाकले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे भरायची शांतता तेवढी ठेवली गेली. धर्म हा सार्वजनिक व्यवहारात कसा यावा या जुन्या वादाला येथे एक व्यवहार्य उत्तर मिळाले: समान सिद्धान्तावर एकमत होण्याची वाट न पाहताही माणसांना समान वेळ पाळता येते. पुढे करावयाच्या मोठ्या कराराची ही सर्वांत छोटी तालीम रोज होत होती, कारण ज्यांना एक वाक्य एकत्र म्हणता येत नव्हते ते काही क्षण एकत्र गप्प राहू शकत होते.

पुढच्या विषयांवर मात्र क्रमाचाच वाद पेटला. निवडणुकीची तारीख आधी जाहीर करावी आणि राज्यघटनेचा तपशील त्या तारखेच्या आत पुरा करावा, अशी एएनसीची भूमिका होती. मंगोसुथु बुथेलेझी यांच्या इंकाथा फ्रीडम पार्टीचे म्हणणे होते की राज्य संघराज्यात्मक असेल की एककेंद्री, हे आधी ठरल्याशिवाय तारखेला अर्थ नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा कार्यपद्धतीचा तंटा वाटेल, पण त्यात दोन वेगळ्या नैतिक भूमिका होत्या. पहिलीनुसार मताधिकार नाकारलेल्या बहुसंख्यांना केव्हा मत देता येईल हे सांगणे हे आधीचे देणे होते आणि बाकी सर्व त्यानंतर येत होते. दुसरीनुसार, ज्या अल्पसंख्याला तपशिलातच संरक्षण मिळायचे आहे त्याला तारखेच्या दडपणाखाली तपशील मान्य करायला लावणे ही सक्तीच होती. या दुसऱ्या भूमिकेमागे प्रादेशिक सत्ता टिकवण्याचा स्वार्थ होता हे खरे. तरीही, घाईत केलेल्या करारात दुबळा पक्ष अधिक गमावतो, हे तिचे निरीक्षण स्वार्थामुळे खोटे ठरत नाही.

‘वाट पाहा’ या सल्ल्याविषयीचा धार्मिक विचार दक्षिण आफ्रिकेत यापूर्वीच झाला होता. सप्टेंबर १९८५ मध्ये, आणीबाणी आणि गोळीबारांच्या दिवसांत, सोवेटो परिसरातील धर्मचिंतकांच्या पुढाकाराने ‘कायरोस दस्तऐवज’ प्रसिद्ध झाला आणि दीडशेहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. कायरोस म्हणजे ग्रीक ख्रिस्ती परंपरेतला निर्णायक क्षण, ज्यात ईश्वर माणसाला हाक देतो आणि ती हाक टाळली तर क्षणही जातो. घड्याळात मोजल्या जाणाऱ्या काळाहून तो वेगळा मानला जातो. या दस्तऐवजाने सत्तेला आशीर्वाद देणाऱ्या ‘राज्यधर्मशास्त्रा’वर जशी टीका केली तशीच न्यायाची मागणी बाजूला ठेवून सलोख्याचा उपदेश करणाऱ्या ‘चर्चधर्मशास्त्रा’वरही केली. जो अन्याय करतो आणि जो सोसतो त्या दोघांना सारखाच संयम शिकवणे म्हणजे पहिल्याची बाजू घेणे होय, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. तो निर्विवाद आहे, पण अपुराही आहे. क्षण ओळखणे ही प्रेषिताची शक्ती असली, तरी ओळखलेला क्षण लाखो माणसांच्या व्यवहारात उतरायचा तर मतदारांच्या नोंदी, मतदान केंद्रे, हंगामी कायदे आणि पोलिसांवर देखरेख यांची सोय करावी लागते, आणि ही सोय घड्याळाच्या काळातच होते. पवित्र काळ आणि कार्यालयीन काळ यांना परस्परांचे शत्रू मानणे ही चैन ज्यांना काहीच उभारायचे नाही त्यांनाच परवडते.

या कार्यालयीन काळाची खरी परीक्षा दोन हिंसक घटनांनी घेतली. १७ जून १९९२ च्या रात्री बॉइपाटाँग या वस्तीवर हल्ला होऊन चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर एएनसीने बोलणी थांबवली आणि सप्टेंबरअखेर झालेल्या सरकार-एएनसी समझोत्यापर्यंत ती रुळावर आली नाहीत. १० एप्रिल १९९३ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कम्युनिस्ट पक्षाचे लोकप्रिय नेते ख्रिस हानी यांची एका श्वेतवर्णीय अतिरेक्याने त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या केली. नवी प्रक्रिया सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते आणि देश यादवीच्या काठावर उभा होता. या वेळी बोलणी थांबली नाहीत. उलट निवडणुकीची तारीख लवकर ठरवा ही मागणी अनावर झाली. दोन्ही प्रसंगी दुःख आणि संताप सारखाच न्याय्य होता, पण १९९२ मध्ये हिंसेने वेळापत्रक मोडले आणि १९९३ मध्ये वेळापत्रक हेच हिंसेला दिलेले उत्तर ठरले. जी प्रक्रिया प्रत्येक खुनानंतर थांबते ती नकळत खुनी माणसाला अध्यक्षपद बहाल करते, कारण पुढची बैठक होणार की नाही हे मग तोच ठरवतो. थांबण्याचा हक्क पीडितांचा आहे. तो पीडा देणाऱ्याच्या हाती जाऊ नये एवढी मजबुती कार्यक्रमाला असली पाहिजे.

३ जून १९९३ रोजी परिषदेने २७ एप्रिल १९९४ ही तारीख प्राथमिक स्वरूपात मान्य केली आणि २ जुलै रोजी ती पक्की झाली. तारीख ठरवणे म्हणजे तत्त्वतः काय घडते? पंचांगातला मुहूर्त आधीपासून आकाशात आहे असे मानून शोधला जातो. वाटाघाटीतली तारीख कोठेही आधी नसते, ती माणसे परस्परांना दिलेल्या शब्दातून निर्माण करतात. हॅना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ या १९५८ च्या ग्रंथात वचन देण्याच्या मानवी क्षमतेला राजकारणात मध्यवर्ती स्थान दिले, कारण स्वतंत्र माणसांचे उद्याचे वर्तन सांगता येत नाही आणि वचन त्या अनिश्चिततेत थोडी स्थिर जमीन तयार करते. केम्प्टन पार्कच्या अनुभवावरून या विचाराला एक जोड देता येते. वचनावर विश्वास ठेवण्यासाठी वचन देणाऱ्यावर विश्वास असावा लागतो, आणि येथे तोच नव्हता. तारीख, मुदत आणि सर्वांनी मान्य केलेले इतिवृत्त यांनी ती उणीव भरून काढली. ज्याचा स्वभाव अविश्वसनीय वाटतो त्याचेही वर्तन ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष तपासता येते, आणि अशा तपासण्यांच्या साखळीतून विश्वास हळूहळू तयार होतो.

तारीख आणि नोंद नसलेल्या वचनाचे काय होते, याचा धडा याच भूमीवर एका मराठी राजकारण्याच्या वाट्याला आला होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रिटोरियात तिथल्या सरकारचे जनरल बोथा व जनरल स्मट्स यांची भेट घेतली आणि करारमुक्त भारतीय मजुरांवरचा तीन पौंडांचा जाचक कर रद्द होणार अशी समजूत घेऊन ते परतले. पुढच्या वर्षी सरकारने असे वचन दिलेच नव्हते असे सांगितले. गोखल्यांची सद्भावना आणि वकिली यांत काहीही कमी नव्हते. कमी होती ती दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या नोंदीची आणि दिवसाची. १९१३ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पुन्हा पेटला, नाताळमधील न्यूकॅसलचे खाणकामगार संपावर गेले, आणि माणसांनी तुरुंगवास व मृत्यू सोसल्यानंतर १९१४ च्या कायद्याने तो कर गेला. गांधीजींनी १८९४ मध्ये स्थापन केलेली नाताळ इंडियन काँग्रेस जवळजवळ शंभर वर्षांनंतर केम्प्टन पार्कच्या टेबलाशी बसली होती, आणि इतिवृत्तांची काळजी वाहणारे मॅक महाराज त्याच न्यूकॅसलमध्ये जन्मले होते.

तथापि, तारखेचे सामर्थ्य जितके मोठे तितका तिच्या गैरवापराचा धोकाही मोठा. निर्णय ‘पुरेशा सहमती’ने होत, म्हणजे पूर्ण एकमत नसले तरी प्रक्रिया पुढे नेण्याइतकी सहमती झाली आहे की नाही हे अध्यक्ष ठरवत आणि असहमतांचा आक्षेप नोंदवला जाई. व्यवहारात सरकार आणि एएनसी यांचे जमले की सहमती ‘पुरेशी’ होते, ही छोट्या पक्षांची तक्रार निराधार नव्हती. तारीख पक्की होताना इंकाथा आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष बाहेर पडले आणि बुथेलेझी यांच्याच क्वाझुलू प्रदेशाच्या सरकारने या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले, पण ते टिकले नाही. त्याआधी, २५ जून रोजी, श्वेतवर्णीय सशस्त्र अतिरेक्यांनी चिलखती वाहन घालून वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचा फोडल्या आणि सभागृहात घुसखोरी केली. न्यायालयात जाणारा असहमत आणि चिलखती गाडी आणणारा असहमत यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. पहिल्यासाठी दार उघडे ठेवणे हे वेळापत्रकाचे कर्तव्य आहे, दुसऱ्यासाठी वेळापत्रक बदलणे ही शरणागती आहे.

हे कर्तव्य कितपत पाळले गेले ते निवडणुकीच्या आठवड्यात दिसले. इंकाथाने १९ एप्रिल १९९४ रोजी, मतदानाला आठवडा उरला असताना, निवडणुकीत उतरण्याचे मान्य केले. कोट्यवधी मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या. तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी त्या पक्षाचे नाव असलेली चिकटपट्टी लावण्यात आली. तारीख हलली नाही आणि उशिरा आलेल्याला परतही पाठवले नाही. दृढता आणि औदार्य एकत्र नांदू शकतात का, या नीतिशास्त्रातल्या जुन्या प्रश्नाला त्या कागदाच्या पट्टीने दिलेले उत्तर कोणत्याही भाषणाहून नेमके आहे. काही भागांत मतपत्रिका वेळेवर पोचल्या नाहीत तेव्हा मतदानाचा अवधी २९ एप्रिलपर्यंत वाढवला गेला, आणि १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

या यशाच्या आत एक उणीव आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिक ठरेल. अंतरिम राज्यघटनेला पूर्ण सभेने १८ नोव्हेंबर १९९३ च्या पहाटेपूर्वी मंजुरी दिली, तेव्हा भूतकाळातल्या गुन्ह्यांचे काय करायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. राजकीय गुन्ह्यांना माफी देण्याचे वचन देणारा आणि सूडाऐवजी ‘उबुंटू’ची, म्हणजे माणूसपण परस्परांमुळेच असते या आफ्रिकी जाणिवेची, भाषा बोलणारा समारोपाचा मजकूर त्यानंतरच्या काही आठवड्यांत अगदी शेवटी जोडला गेला. सत्य आणि समेट आयोगाचा पाया तोच मजकूर ठरला. पुढे पोलीस कोठडीत मरण पावलेले कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही पीडित कुटुंबांनी माफीच्या तरतुदीला घटना न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते फेटाळताना निकाल लिहिणारे इस्माईल महोमद हेच कोडेसाच्या पहिल्या अधिवेशनाच्या दोन अध्यक्षांपैकी एक होते, आणि त्या निकालात पीडितांच्या दुःखाची जाणीव स्पष्ट असूनही त्यांचा न्यायालयात जाण्याचा हक्क मात्र परत आला नाही. सत्तावाटप, बहुमताची टक्केवारी आणि प्रांतांच्या सीमा यांवर महिनोन्महिने अहवाल फिरत राहिले. ज्यांची माणसे मारली गेली त्यांचा प्रश्न थकलेल्या वाटाघाटकारांच्या शेवटच्या दिवसांत उरकला गेला. माफीचा निर्णय कदाचित तोच झाला असता, पण तो ज्यांच्या वतीने झाला त्यांना आधी विचारून झाला असता, तर त्याचे नैतिक वजन वेगळे असते.

यावरून न्याय्य वेळापत्रकाच्या तीन कसोट्या मांडता येतात. पहिली अशी की ते सर्वांना एकाच वेळी माहीत असावे आणि सर्वांत बलवान पक्षाला सर्वांत आधी बांधणारे असावे, कारण मुदत मोडण्याची ताकद त्याच्याकडेच असते. दुसरी अशी की ते हिंसेपुढे ताठ आणि संवादापुढे लवचीक असावे. तिसरी, आणि केम्प्टन पार्कमध्ये जी पूर्णपणे उतरली नाही ती, अशी की विषयांचा क्रम टेबलाशी बसलेल्यांच्या सोयीने न लावता अन्याय सोसलेल्यांच्या निकडीने लावावा. न्यायाला तारीख लावता येते, आणि लावलीच पाहिजे. तारीख नसलेला न्याय हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर टांगलेले आश्वासन असते. पण तारीख ठरवणाऱ्याने आपले काम कारकुनी आहे असे समजू नये. पुढे कोठेही असे टेबल मांडले जाईल तेव्हा नियोजन समितीने पहिल्याच दिवशी एवढे पाहावे की ज्यांनी सर्वांत जास्त काळ वाट पाहिली आहे, त्यांचा विषय शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेला नाही.